१८ डॉलर कमी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. सोलापुरातल्या एका बँकेत, परकीय चलनाच्या टेबलासमोर एक गृहस्थ बसले होते. पूर्व भागातले, टॉवेलच्या कारखान्याचे मालक असावेत. शर्टाच्या बाहीवर सुताचं तूस अजून तसंच होतं. एका हातात मुलाच्या विद्यापीठाच्या बिलाची प्रत, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर मुलाने पाठवलेला स्क्रीनशॉट. "मी सगळे भरलेत हो साहेब, एक डॉलर मागं ठेवला नाही," ते परत परत सांगत होते. बिल ९,४१२ डॉलरचं होतं, विद्यापीठाच्या खात्यात ९,३९४ जमा झाले होते. १८ डॉलर कमी. तेवढ्यावरून मुलाच्या नावावर 'होल्ड' लागलेला, आणि होल्ड लागला म्हणून पुढच्या सेमिस्टरच्या विषयांची नोंदणी अडकलेली. साहेबांनी संगणकाच्या पडद्यात डोकं घातलं तेव्हा गृहस्थ स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पण पेपर तर संपले ना त्याचे. आता काय राहिलं?"

१८ डॉलर म्हणजे दीड-पावणेदोन हजार रुपये. ते भरून टाकता येतात, दुसऱ्या दिवशी तसे भरलेही गेले असतील. डोक्यातून जात नाही ती त्यांची शेवटची दोन वाक्यं. सोलापुरातून अमेरिकेला मुलं पाठवलेल्या कितीतरी घरांत डिसेंबर महिना याच दोन वाक्यांत अडकलेला असतो.

पेपर संपले की सगळं संपलं, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. सोलापुरात परीक्षा जवळ आली की शहरालाच कळतं. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी वाढते, यंत्राच्या गरम हवेचा आणि शाईचा वास फुटपाथपर्यंत येतो, कुण्या सीनियरने काढलेली 'आयएमपी'ची यादी एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरते. हॉल तिकीट, बैठक क्रमांक, दोन पेपरांमधला गॅप किती दिवसांचा यावर वादावादी. पहिले दोन-अडीच महिने कँटीनमध्ये काढायचे आणि शेवटच्या वीस दिवसांत रात्री जागून विषय काढायचा, ही इथली कमावलेली विद्या आहे. तिला नावं ठेवायचं कारण नाही. तिच्यावर चांगले इंजिनिअर झालेले आहेत. राहिलाच एखादा विषय तर एटीकेटी आहे, पुढच्या वेळी काढता येतो. आणि शेवटचा पेपर देऊन बाहेर पडलं की सात रस्ता चौकात चहा, घरी आईच्या हातचं जेवण, आणि दोन दिवस नुसती झोप. आई-बापाच्या डोळ्यांसमोर सेमिस्टरचा शेवट म्हणून हेच चित्र उभं राहतं, आणि त्याच चित्राच्या मापाने ते सातासमुद्रापारच्या डिसेंबरकडे बघतात.

तिथलं माप निराळं आहे. ऑगस्टच्या शेवटी पहिल्या तासालाच प्राध्यापक सिलॅबस नावाचा दस्तऐवज देतात. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. तिथे तो जवळपास करारनामा असतो. गृहपाठाला किती टक्के, मिडटर्मला किती, प्रोजेक्टला किती, फायनलला किती, उशिरा दिलं तर दिवसाला किती गुण कापणार, एआय कुठे चालेल आणि कुठे नाही, सगळं लिहिलेलं. समजा गृहपाठ ३०, मिडटर्म २५, प्रोजेक्ट २० आणि फायनल २५ अशी वाटणी असेल, तर फायनलला बसण्याआधीच ७५ टक्क्यांचा निकाल आतल्या आत लागून गेलेला असतो. आईने देवापुढे दिवा लावून "पेपर चांगले जाऊ देत" म्हणावं तोवर पाऊण शर्यत संपलेली असते.

इथून पुढे तयारी म्हणजे आधी आकडेमोड. त्या ७५ पैकी हातात ६३ आले आहेत असं धरू. एखाद्या प्राध्यापकाच्या तक्त्यात बी प्लस ८७ ला असेल, तर फायनलच्या २५ पैकी २४ हवेत, म्हणजे ९६ टक्के. बी ८३ ला असेल तर २० पुरतात, म्हणजे ८० टक्के. आता ठरवायचं की या विषयामागे जीव काढायचा की बी वर समाधान मानून ते तास दुसऱ्या विषयाला द्यायचे. मास्टर्सला सरासरी ३.० च्या खाली गेली की बहुतेक विद्यापीठांत ताकीद मिळते, आणि ३.० म्हणजे सरासरी बी (ए ला ४, बी ला ३, सी ला २ असा हिशेब). सारख्या क्रेडिटच्या तीन विषयांत एक ए, एक बी आणि एक सी आला तर बरोब्बर ३.० वर माणूस टेकतो. सी दोन झाले की एका ए ने भागत नाही. हा हिशेब नोव्हेंबरच्या मध्याला कागदावर मांडणारी मुलं डिसेंबरमध्ये शांत दिसतात. हुशारीचा भाग त्यात कमी असतो.

त्याहून नाजूक तारीख आधीच येऊन गेलेली असते.

साधारण दहाव्या आठवड्याच्या आसपास विषय सोडण्याची शेवटची मुदत असते. नेमका दिवस विद्यापीठागणिक वेगळा, पण ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात धरायला हरकत नाही. तोवर सोडलेल्या विषयापुढे गुणपत्रकावर 'डब्ल्यू' लागतो आणि सरासरीला धक्का बसत नाही. त्या विषयाची फी मात्र बहुधा बुडाल्यातच जमा. मिडटर्म आपटली की तिथला अमेरिकन विद्यार्थी रात्री पोर्टलवर जातो, बटण दाबतो आणि झोपतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाने तेच केलं तर सकाळी त्याचा कायदेशीर दर्जाच धोक्यात आलेला असू शकतो. मास्टर्सला पूर्णवेळ म्हणजे बहुतेक ठिकाणी सेमिस्टरला ९ क्रेडिट, पदवीला १२. तीन विषयांतला एक सोडला की ९ चे ६ होतात. त्यासाठी आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओची, म्हणजे व्हिसाचे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची, परवानगी लागते, आणि ती मर्यादित कारणांनाच मिळते: डॉक्टरांनी लिहून दिलेलं आजारपण, पहिल्या सत्रात भाषेची किंवा शिकवण्याच्या पद्धतीची अडचण, चुकीच्या पातळीचा विषय घेतला गेला असेल तर तो, किंवा शेवटचं सेमिस्टर, जिथे पदवीला लागतात तेवढेच विषय उरलेले असतात. क्रम महत्त्वाचा. आधी डीएसओला मेल, मग भेट, मग परदेशी विद्यार्थ्यांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी सेव्हिस प्रणालीत त्यांची नोंद, आणि ती झाल्यावर बटण. उलट क्रमाने गेलं तर पुढे पत्रव्यवहार करत बसावं लागतं आणि त्याचा शेवट गोड होईलच असं नाही. घरून बाबांनी "नाही जमत तर सोड तो विषय, तब्येत सांभाळ" असं मायेने सांगितलेलं असतं. माया खरी असते, सल्ला घातक असतो.

नोव्हेंबरचा पहिला रविवार उजाडला की तिथली घड्याळं एक तास मागे जातात. न्यूयॉर्कच्या बाजूला सोलापूर साडेनऊ तास पुढे असतं ते साडेदहा तास पुढे जातं, शिकागो, टेक्सासकडे साडेअकरा, कॅलिफोर्नियात साडेतेरा. घरच्या फोनची वेळ मोडते. सकाळी आठला फोन लावला की तिकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असायचे, ते आता साडेनऊ, आणि साडेनऊला तो कुठेतरी कामावर भांडी घासत असतो किंवा लायब्ररीत असतो. दोन आठवडे "फोन का उचलत नाही" हा एकच विषय घरात चालतो. त्यातच उत्तरेकडच्या राज्यांत साडेचार-पाचलाच अंधार पडायला लागतो. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या पोराला थंडी सोसते, अंगावर चढवायला काहीतरी मिळतं. दुपारी चारनंतरचा अंधार काही अंगाला सवयीचा होत नाही. आळस आला, मन लागत नाही, असं तो फोनवर सांगतो आणि इकडून उत्तर जातं, "मोबाईल बघतोस जास्त." कॅम्पसवर समुपदेशन केंद्र असतं, बऱ्याच ठिकाणी ठरावीक भेटी विद्यार्थ्याने भरलेल्या फीमध्येच येतात, हे घरात कुणाला ठाऊक नसतं आणि मुलालाही ते विचारावंसं वाटत नाही.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. त्या तीन-चार दिवसांत कॅम्पस ओस पडतं, मेस बंद, बस कमी. ज्याला घर जवळ आहे तो घरी जातो. ज्याचं घर सोलापुरात आहे तो फ्लॅटवर राहतो. चारजण मिळून कुकर लावतात, कुणाच्या तरी बॅगेतल्या शेंगाचटणीच्या पिशवीचा तळ खरवडला जातो. हे चार दिवस परीक्षेच्या दृष्टीने सोन्याचे, कारण परत आल्यावर वर्गांचे जेमतेम एक-दोन आठवडे उरतात आणि त्यांतच सगळे प्रोजेक्ट, सादरीकरणं आणि शेवटचे गृहपाठ येऊन आदळतात. ग्रुप प्रोजेक्टची खरी गोम इथे कळते. चारांतला एक विमानात, एक घरी टर्की खातोय, तिसरा मेलला उत्तर देत नाही. सादरीकरणाची फाईल, कोड आणि अहवाल हे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या मंगळवारपर्यंत सगळ्यांना उघडता येईल अशा एका जागी आलेले नसतील, तर उरलेलं काम त्या फ्लॅटवर राहिलेल्या एकट्याच्या गळ्यात पडतं. आपली मुलं ते मुकाट्याने करतात. कुणी किती काम केलं याची नोंद अहवालात द्यायची सोय बऱ्याच विषयांत असते, तिथे मात्र संकोचाने सगळ्यांपुढे सारखंच लिहितात.

याच सुमाराला कपडे धुवायचं काम आठवड्यांनी मागे पडलेलं असतं, आणि एका रात्री सगळं एकदम मशीनमध्ये जातं, चादरीसकट. सोलापूरहून निघालेल्या जवळजवळ प्रत्येक बॅगेत चादर असते. नको म्हटलं तरी असते, मोर नाहीतर वेलबुट्टी असलेली. सार्वजनिक लाँड्रीतल्या वॉशरमध्ये ती एकटीच अर्धी जागा खाते. पाणी पिऊन एवढी जड होते की फिरताना ड्रम एका बाजूला डुलतो आणि मशीन मध्येच थांबून दिवा लावतं. ती एकटी घालायची नाही, आणि जीन्सबरोबरही नाही. दोन-तीन टॉवेल बरोबर टाकले की वजन वाटलं जातं. पाणी थंड ठेवायचं, नाहीतर लाल-किरमिजी रंग पांढऱ्या बनियनांवर उतरतो. ड्रायर मध्यम आचेवर, कारण सुती कापड कडक उष्णतेत आटतं आणि कडेची वीण ओढली जाते. एका फेरीत ती वाळत नाही. वरून कोरडी लागते, घडीच्या आत ओल असते. बाहेर काढून, उलटी झटकून दुसरी फेरी लावावी लागते. ड्रायरच्या जाळीवर निघणारं तूस पहिल्या धुण्यात मूठभर असतं, ते काढलं नाही तर दुसरी फेरीही वाया. रात्री दीडला, नोट्स मांडीवर घेऊन, गोल काचेतून मोर उलटासुलटा होताना बघत बसलेला मुलगा घरच्यांनी पाहिला तर त्यांना काय वाटेल कुणास ठाऊक. त्याला मात्र त्या गरम कापडाच्या वासाने जरा बरं वाटतं.

आणि मग फायनलचा आठवडा. वर्ग संपणं आणि परीक्षा सुरू होणं यात एखाद-दोन दिवसांची मोकळीक असते, ती प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्ससाठी वापरावी. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये जाणं म्हणजे काहीतरी भानगड. तिथे न जाणं विचित्र समजतात. जाताना "सर, काय इम्पॉर्टंट आहे?" हा प्रश्न घेऊन जायचं नाही. मिडटर्मच्या उत्तरपत्रिकेतले चुकलेले दोन प्रश्न घेऊन जायचं आणि कुठल्या पायरीवर घसरलो ते विचारायचं. पेपर कसा काढतात याचा अंदाज त्या दहा मिनिटांत आपोआप येतो. काही परीक्षांत एक कागद नेता येतो, दोन्ही बाजूंनी स्वतः लिहिलेला. त्याला इकडची मुलं सुरुवातीला हसतात, 'अधिकृत कॉपी' म्हणतात. पण आठ-दहा आठवड्यांचा विषय एका कागदावर बसवताना काय वगळायचं हे ठरवावं लागतं, आणि तीच खरी उजळणी होते. परीक्षेत त्या कागदाकडे बघायची वेळ फार थोड्यांदा येते. काही विद्यापीठांत एका दिवशी तीन फायनल आल्या तर एक हलवून मागता येते, मात्र तो अर्ज आठवडे आधी करायचा असतो. टेक-होम परीक्षा सोपी वाटते आणि तीच घात करते. ४८ तास आहेत म्हणून मित्राला फोन लावला, दोघांनी मिळून गणित सोडवलं, दोघांच्या उत्तरात तीच चूक निघाली, की प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. इथे वर्गात एकमेकांना दाखवणं ही मैत्री असते. तिथे त्याची नोंद होते, आणि गंभीर प्रकरणात निलंबन झालं तर व्हिसाही त्याच्या मागोमाग जातो. दुसऱ्याच्या लेखातलं वाक्य, दुसऱ्याच्या कोडमधल्या दहा ओळी, मूळ जागेचा उल्लेख न करता उतरल्या तरी तेच कलम.

त्या आठवड्यात फोन होतो तो असा.

"काय करलालास बे?"

"वाचलालोय."

"जेवलास?"

"हां."

आई पलीकडून ओरडून विचारते, काय जेवलास. तो 'भात' म्हणतो. मॅगी असते. यापलीकडे बोलणं जाऊ नये हेच बरं, कारण यापलीकडे गेलं की तिकिटाचा विषय निघतो.

तिकिटाचं दुखणं जुनं आहे. डिसेंबरच्या मध्यापासून भाडी चढतात म्हणून बाबांनी सप्टेंबरमध्येच स्वस्त तारीख बघून ठेवलेली असते, १० डिसेंबर. पेपर १६ ला. फायनलचं वेळापत्रक रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर सेमिस्टरच्या सुरुवातीपासून असतं, बघायचं कुणाला सुचत नाही. आणि तिकीट काढलंय या कारणावर प्राध्यापक परीक्षा पुढे-मागे करत नाहीत. शेवटच्या पेपरनंतर निदान दोन दिवस हातात ठेवून निघावं. एक दिवस खोली बंद करायला, एक दिवस बर्फाने विमान रद्द झालं तर. खोली बंद करणं हेही काम आहे. थंड राज्यांत हीटर पूर्ण बंद करून निघालं की नळातलं पाणी गोठून पाइप फुटतो आणि खालच्या मजल्यासकट सगळ्याचं बिल येतं. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सियसच्या खाली जाऊ द्यायचा नाही, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची, फ्रिजमधलं दूध-भाजी काढायची, आणि महिन्याचं भाडं आधी भरून जायचं. वसतिगृहात राहणाऱ्यांनी सुट्टीत ते उघडं असतं का हे नोव्हेंबरातच विचारावं. बरीच बंद होतात.

कागदांत सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट आय-२० च्या, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या दाखल्याच्या, दुसऱ्या पानावर असते: प्रवासासाठी डीएसओची सही. ती शिकत असलेल्या विद्यार्थ्याला एक वर्ष चालते. येताना कुणी विचारत नाही, परत जाताना विचारतात. कार्यालय नाताळात बंद असतं, त्यामुळे सोलापुरात बसून ६ जानेवारीला हे लक्षात येणं फार महागात पडतं. पासपोर्टची मुदत आणि व्हिसाची मुदत ही त्याच वेळी बघून घ्यायची.

बँकेतल्या त्या गृहस्थांचं काय झालं होतं, ते आता सांगता येईल. निकाल पोर्टलवर येतात २० डिसेंबरच्या आसपास. शैक्षणिक कर्ज असेल तर पुढचा हप्ता सोडण्याआधी बँक गुणपत्रक आणि स्प्रिंगचं, म्हणजे जानेवारीपासूनच्या सेमिस्टरचं, बिल मागते. बिलाची मुदत बहुधा जानेवारीच्या सुरुवातीला, आणि मधल्या आठवड्यात तिथलं विद्यापीठ बंद, इथे २५ तारखेची सुट्टी आणि चौथा शनिवार. म्हणजे हातात कामाचे दिवस मोजकेच. निकाल लागला त्याच रात्री मुलाने पोर्टलवरून अनधिकृत गुणपत्रक आणि बिल काढून पाठवावं. शिक्का असलेलंच हवं असं बँक म्हणेल का, हे आधीच विचारून ठेवावं. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही, पॅन, परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म, मुलाचा पासपोर्ट, व्हिसा, आय-२० या प्रती एका पाकिटात तयार असाव्यात. फॉर्मवर कारणाचा कोड शिक्षणाचा, एस-०३०५, पडला आहे ना ते बघावं. कर्जाच्या पैशावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, नाही; पदरचे पैसे पाठवले तर आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत काही नाही, त्यावरच्या रकमेवर कापतात. कापलेला पैसा विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण त्या दिवशी तो खिशातूनच जातो.

आणि १८ डॉलर? इथली बँक पैसे थेट विद्यापीठाच्या बँकेत टाकत नाही. मध्ये एखादी मध्यस्थ बँक असते आणि ती आपली हमाली वाटेतच कापून घेते. फॉर्मवर शुल्क कुणी सोसायचं याचा रकाना असतो: ओयूआर (पाठवणाऱ्याने), एसएचए (दोघांनी वाटून), बीईएन (घेणाऱ्याने). काही लिहिलं नाही की बरेचदा एसएचए धरतात, म्हणजे वाटेतली कपात घेणाऱ्याच्या पदरातून. फी पाठवताना ओयूआर लिहायचं, वरचं शुल्क इथेच भरायचं. तपशिलाच्या ओळीत मुलाचा विद्यार्थी क्रमांक घालायचा, नाहीतर पैसे पोचूनही कुणाचे ते कळत नाही. पैसे गेल्यावर बँकेकडून स्विफ्टच्या, म्हणजे बँकेने बँकेला पाठवलेल्या, संदेशाची प्रत मागून घ्यायची. अडकले तर त्यावरून माग काढता येतो. अनेक विद्यापीठांच्या पोर्टलवरून रुपयांत भरायची सोयही असते, दर थोडा चढा पण रक्कम पुरती पोचते. होल्ड लावणाऱ्या संगणकाला १८ आणि १८०० यातला फरक समजत नाही. होल्ड निघेपर्यंत हव्या त्या विषयातल्या जागा भरतात, आणि ९ क्रेडिट जमवायला मग मिळेल तो विषय घ्यावा लागतो.

ज्यांची पदवीच डिसेंबरात संपते त्यांची गोष्ट याहून घाईची. ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काही काळ काम करायच्या परवानगीचा, अर्ज पदवी संपायच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो, आणि डीएसओने शिफारस टाकल्यापासून ३० दिवसांच्या आत तो पोचावा लागतो. अर्ज तिथे राहूनच करायचा. आधी सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा बघून येतो आणि मग अर्ज करतो, असं चालत नाही. अर्ज न करता पदवीनंतर देश सोडला की त्या आय-२० वर परत जाता येत नाही. म्हणून असा मुलगा यंदा येणार नाही. शेजारी विचारतात, सुट्टी असून का आला नाही? घरच्यांना नीट सांगता येत नाही.

जे येतात त्यांचे दिवस पाहता पाहता सरतात. मुंबई किंवा हैदराबाद, तिथून पुढे रेल्वे नाहीतर गाडी. पहिले चार दिवस झोप उलटी, मग लग्नं, मग बॅग भरणं. बहुतेक तिकिटांवर दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. कडक भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली की तिथे चुरा पोचतो. स्टीलच्या चपट्या डब्यात, मध्ये मध्ये कागद घालून, डबा कपड्यांच्या मधोमध ठेवला तर ती शाबूत राहते. शेंगाचटणी, मेतकूट, काळा मसाला मोठ्या बॅगेत. हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असली तर सुरक्षा तपासणीत अडवतात, क्वचित काढूनही ठेवतात. तांदूळ न्यायचा नाही, फळं नाहीत, मटणाचं लोणचं तर नाहीच. जे काही खायचं नेलंय ते अर्जावर किंवा अधिकाऱ्याने विचारल्यावर सांगायचं. सांगितलं तर फार तर काढून घेतात. लपवलं आणि सापडलं तर दंड.

स्प्रिंगचे वर्ग बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात, म्हणजे यात्रेतले नंदीध्वज बाहेर पडायच्या सुमारालाच पोरगा विमानात असतो. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा न्यूयॉर्कात मध्यरात्र उलटून गेलेली असते. मोबाईलवर थेट प्रक्षेपण लावून काहीजण जागे असतात, खोलीत दुसरा कुणी झोपलेला म्हणून 'हर्र बोला हर्र' पुटपुटून म्हणतात. सकाळी आठचा वर्ग असतोच. त्या वर्गात नवा सिलॅबस मिळतो. तो घरी पाठवायला सांगावा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर, जिथे गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहितात तिथेच, यातल्या तारखा उतरवून घ्याव्यात. दहावा आठवडा या खेपेला मार्चच्या अखेरीस येतो, त्याआधी मार्चच्या दुसऱ्या रविवारी फोनची वेळ पुन्हा एक तास सरकलेली असते. बँकेत तेव्हा इयर एंडिंगची गर्दी असते, साहेब कुणाशी धड बोलत नाहीत. पदरचे पैसे पाठवायचे असतील आणि बिलाची मुदत परवानगी देत असेल, तर १ एप्रिल उलटू द्यावा. १० लाखांची मोजणी तिथून नव्याने सुरू होते.